दऱ्यांचा दर्या कोण करतं?

मराठी टंकणाऱ्यांचे काही वाद कधीच मिटत नाहीत. त्यातला सगळ्यात चिवट वाद अर्ध्या र चा. कुणीतरी 'वार्यावर', 'कुर्हाड', 'डोंगरदर्यांतून' असं काहीतरी छापून येतं त्याचा फोटो टाकतो, खाली 'मराठीची वाट लागली' सुरू होतं, आणि दहाव्या प्रतिसादापर्यंत दोन तट पडलेले असतात. एकाचं म्हणणं, ऱ हे आपलं अक्षरच नाही, ते द्राविडी भाषांचं. दुसऱ्याचं म्हणणं, न दिसणारं अक्षर घालून लिहिता आणि मग ते हरवलं म्हणून रडता. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण समसमान नाही.

आधी फरक पक्का करू. दरीचं अनेकवचन दऱ्या आणि समुद्र तो दर्या. आचारी स्वयंपाक करतो, आचार्य शिकवतात. 'आचाऱ्याला बोलवा' आणि 'आचार्याला बोलवा' यात पंगत बसणार की प्रवचन, एवढा फरक आहे. 'दर्या' म्हणताना र् मागे चिकटतो आणि द वर आघात येतो; 'दऱ्या' म्हणताना र् पुढच्या या वर जातो आणि द हलकाच राहतो. वृत्त बांधणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: पहिला द गुरू, दुसरा लघू. त्यामुळे 'संदर्भावरून कळतंच की' हे म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. ऱ्हस्वदीर्घावरून लोकांना फाडून खायचं आणि उच्चार बदलणारा रफार मात्र चालवून घ्यायचा, हे कुठलं शुद्धलेखन?

कुठे काय येतं हे ओळखणं फारसं अवघड नाही. मूळ शब्द री, रा किंवा रे ने संपत असेल आणि अनेकवचनात किंवा सामान्यरूपात तिथे य आला असेल, तर डोक्यावर न चढणारा, पापणीसारखा वळलेला अर्धा र: दोरी–दोऱ्या, वारा–वाऱ्यावर, किनारा–किनाऱ्यावर, बिचारे–बिचाऱ्यांना. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर रफार: कार्य, सूर्य, पर्याय. ह च्या बाबतीतही तसंच. वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, गाऱ्हाणं एकीकडे. अर्हता आणि गर्हणीय दुसरीकडे.

आता यंत्राच्या पोटात काय होतं ते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, र, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग य असा क्रम आला की फॉन्ट पहिल्या दोहोंचा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवतो. तसं होऊ नये म्हणून दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे पाय मोडल्यानंतर एक शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालायचं. ते दिसत नाही, जागाही घेत नाही, फक्त फॉन्टला सांगतं की रफार नको, अर्धं रूप दाखव. दुसरी वाट म्हणजे र ऐवजी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरायचं आणि त्याचा पाय मोडायचा. ऱ म्हणजे र नव्हेच, त्यामुळे त्याचा रफार होण्याचा प्रश्नच येत नाही.

हे बघा: दऱ्या आणि दर्‍या. पहिला शब्द ऱ ने लिहिलाय, दुसरा जोडचिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसायला हवेत. पहिला शब्द उचलून याच पानावर शोधून पाहा. तुमचा ब्राउझर अक्षराला अक्षर ताडून पाहणारा असेल तर दुसरा सापडणार नाही. (आणि दुसरा शब्द तुम्हाला समुद्रच दिसत असेल, तर हा मजकूर तुमच्यापर्यंत येताना वाटेत कुणीतरी जोडचिन्ह खाल्लंय. पुढचं वाचायचीही गरज नाही, मुद्दा सिद्ध झाला.)

'परकं अक्षर' हा पहिल्या तटाचा हुकमी एक्का. युनिकोडच्या तक्त्यात ऱ पुढे द्राविडी भाषांतला वर्त्स्य (दातांमागच्या हिरडीशी उच्चारला जाणारा) र लिहिण्यासाठी अशी टीप आहे, हे खरंच. पण त्याच टिपेत पुढे लिहिलंय की त्याचं अर्धं रूप पापणीसारखा र म्हणून दाखवावं. आणि हा नियम कुणी परदेशात बसून आपल्यावर लादलेला नाही. तो इस्की या भारतीय मानकातून युनिकोडमध्ये आला. भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने काढलं होतं. युनिकोडने ऱ ची वाट मुख्य मानली आणि जोडचिन्हाची वाट स्वतःच्याच जुन्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवली. थोडक्यात, जोडचिन्ह चूक नाही, पण ते जुन्याची सोय म्हणून ठेवलेलं आहे. वर्णमालेत ऱ नाही म्हणून तो टंकायचाच नाही, हे मला पटत नाही. वर्णमाला शाळेच्या भिंतीवर असते. मजकुराच्या फायलीत काय साठवायचं हा वेगळा प्रश्न आहे.

ऱ च्या बाजूने खरा मुद्दा टिकाऊपणाचा आहे. जोडचिन्ह दिसत नसल्यामुळे त्याचा बळी सहज जातो. नाव नोंदवायचा अर्ज, दुव्यासाठी शीर्षकातून तुकडा काढणारी यंत्रणा, फसव्या नावांना आळा घालायला 'अदृश्य अक्षरं काढा' असं सांगितलेली गाळणी, यातल्या कुणीही ते उचलून फेकलं की मागे उरतो र, मोडलेला पाय आणि य. म्हणजे सरळ रफार. छापील मजकुरातल्या 'वार्यावर'चं खापर नेहमी लिहिणाऱ्याच्या डोक्यावर फुटतं, पण पुष्कळदा त्याने बरोबर टंकलेलं असतं आणि मधल्या गाळणीने ते खाल्लेलं असतं. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडआधीच्या फॉन्टच्या काळात ही भानगड नव्हती, कारण तिथे अर्धा र हा कळीवरचा एक आकार होता, बस्स.

हीच गाळणी इमोजींचाही घात करते, हे सांगितलं की तरुण प्रोग्रॅमर लगेच ऐकतात. बाबा, आई, मुलगी असं एकत्र कुटुंबाचं चित्र म्हणजे तीन वेगळी चित्रं आणि मधली दोन जोडचिन्हं. तीच ही जोडचिन्हं. ती काढली की कुटुंब विभक्त होतं आणि तीन सुटी माणसं रांगेत उभी राहतात. मराठीसाठी कुणी तक्रार दाखल करून घेत नसेल तर कुटुंबाच्या इमोजीची करा.

ऱ वालेही अगदी सोवळे नाहीत. युनिकोडच्या नियमांनुसार ऱ चं विघटन र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असं होतं. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल पद्धतीत नावं विघटित रूपातच साठवली जायची. तिथून 'दऱ्या' नावाची फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर गेली की नाव दिसायला तेच, पण शोधायला गेलं तर 'अशी फाइल नाही'. शिवाय हिंदीसाठी लिहिलेल्या कितीतरी गाळण्या नुक्ते सरसकट पुसतात. नुक्ता गेला की पुन्हा र, पुन्हा रफार, पुन्हा समुद्र. यावर उपाय एवढाच की मजकूर आत येतानाच एनएफसी या संयुक्त रूपात आणून ठेवायचा. त्यात ऱ एकसंध राहतो.

आपल्या फायलीत नेमकं काय आहे हे एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये मिनिटभरात कळतं. शब्दाची लांबी मोजणारं 'लेन' सूत्र लावा. दऱ्या ऱ ने लिहिला असेल तर ५ येतील (द, ऱ, पायमोड, य, काना), जोडचिन्हाने लिहिला असेल तर ६, आणि जोडचिन्ह हरवलं असेल तरीही ५. म्हणून नुसत्या लांबीवर जाऊ नका. दुसरं अक्षर वेगळं काढून त्याला 'युनिकोड' सूत्र लावा: २३५३ आलं तर ऱ, २३५२ आलं तर साधा र. बदलायचं असेल तर 'सब्स्टिट्यूट' सूत्रात शोधायचा भाग म्हणून २३५२, २३८१ आणि ८२०५ ही तीन अक्षरं 'युनिकॅर' या क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या सूत्राने जोडून द्या, बदली भाग म्हणून २३५३ आणि २३८१. पहिल्या तिघांत २३८१ म्हणजे पायमोड आणि ८२०५ म्हणजे ते जोडचिन्ह. मराठी मजकुरावर हा बदल डोळे झाकून चालतो, कारण र, पायमोड आणि जोडचिन्ह या त्रयीचा दुसरा अर्थच नाही. नेपाळी मजकूर मात्र यातून वगळा. तिथे 'गर्‍यो' सारखे शब्द जोडचिन्हाने लिहायची रीत रुळलेली आहे.

इनस्क्रिप्ट या कळफलकावर ऱ्य टंकायला तीन कळा: शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. शिफ्ट विसरलात की रफार. विंडोजच्या वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९३१ टंकून ऑल्ट आणि एक्स दाबलं की ऱ उमटतो.

शोधयंत्र बांधणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. मूळ मजकूर आहे तसा ठेवावा आणि फक्त शोधसूचीसाठी दोन्ही वाटा एक कराव्यात: ऱ चा र करायचा, ८२०५ आणि त्याचं भावंड ८२०४ काढून टाकायचं. मग दऱ्या शोधणाऱ्याला दर्याही सापडेल. चालेल, अजिबात न सापडण्यापेक्षा ते बरं. पण मराठीचं वेगळं काही कशाला म्हणून लुसीन या तयार शोधप्रणालीची हिंदी गाळणी तशीच लावली तर ती याच्या कितीतरी पुढे जाते. पायमोड पुसते, दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करते, दोन मात्रांची एक मात्रा करते. हिंदीत लिहिण्याच्या पद्धती विस्कळीत आहेत म्हणून ते ठीक असेल. मराठीत मात्र दिन आणि दीन एक होतात, मैल आणि मेल एक होतात, आणि दगडी मैलांची माहिती शोधणाऱ्यासमोर ईमेलचे नियम येतात.

पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची चूक आणखी साधी. शब्द वेगळे करायला नेहमीच्या 'आरई' मॉड्यूलमध्ये शब्दाक्षरांचा तो उलटी तिरपी रेघ आणि डब्ल्यूचा संकेत वापरतात. त्यात काना, मात्रा, वेलांटी ही शब्दाची अक्षरं धरली जात नाहीत. 'किनारा' दिला तर हातात येतात क, न, र असे तीन तुकडे. ऱ की जोडचिन्ह हा वाद तिथपर्यंत पोचतच नाही. 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल घेतलं की शब्द अख्खा राहतो.

ॲ चा वाद याच जातीचा, पण त्याचा निकाल लागलेला आहे. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवायचे किंवा हिंदीतला ऍ उसना घ्यायचे. अ अधिक चंद्र आणि एकसंध ॲ यांना युनिकोड समान मानत नाही, म्हणून एनएफसीने ते एक होत नाहीत. तो बदल हाताने नेमून द्यावा लागतो.

ज्या मजकुरातलं जोडचिन्ह आधीच हरवलंय त्याला मात्र सूत्र नाही. सगळे 'र्य' बदलून 'ऱ्य' केले तर सूर्याचा सुद्धा 'सूऱ्य' होतो. निम्मं काम शब्दांच्या यादीने होतं: वाऱ्या, किनाऱ्या, दोऱ्या, बिचाऱ्या, पुऱ्या आणि अर्हतेसारखे शब्द वगळून ह चं बाकीचं वऱ्हाड बिनधास्त बदलता येतं. दर्या, आचार्याला असे मोजके शब्द उरतात. ते वेगळ्या रकान्यात काढून, आजूबाजूचं वाक्य वाचून, एकेक करून माणसालाच बदलावे लागतात.