ताम्हिणी ते गुहागर: रेस अडकली तर कुठे बघायचं

मार्ग: पुणे, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव; तिथून म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर; बागमांडला–वेशवी फेरीबोट, केळशी, आंजर्ले, दापोली; दाभोळ–धोपावे फेरीबोट आणि गुहागर. परतताना चिपळूणहून कुंभार्ली घाट. मोटरसायकली दोन, एक कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) 125 सीसी आणि दुसरी फ्युएल इंजेक्शनची 150. पावसाळा सरत आला होता, पण ताम्हिणीत पाणी आणि लाल चिखल दोन्ही भरपूर होते. निसर्गाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे दोन्ही गाड्यांच्या ॲक्सिलरेटरने, म्हणजे बोलीतल्या ‘रेस’ने, काय केलं आणि ते कसं दुरुस्त झालं एवढंच. या रस्त्याला माणगाव सोडलं की मोठी गॅरेजं विरळ होतात, त्यामुळे हे आधीच माहीत असलेलं बरं.

रेस सहसा एकदम अडकत नाही. आधी खुणा दिसतात आणि घाटात त्या जास्त स्पष्ट कळतात. 125 वर पहिली खूण मुळशी धरणाच्या पुढच्या वळणांवर दिसली: हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की मूठ न फिरवताही इंजिनचा आवाज चढायचा. ॲक्सिलरेटरची मूठ उजवीकडे असते. डावीकडे वळताना ती पुढे जाते, आणि केबल आखूड पडत असेल, टाकीखाली दाबली गेली असेल किंवा चुकीच्या बाजूने ओवलेली असेल तर ती ताणली जाते. ही खूण दिसली की पुढे जाऊ नका. कडेला सपाट जागा बघून गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. आवाज जराही बदलला तर केबलचा मार्ग किंवा ढिलाई चुकली आहे.

दुसरी खूण परतीची. इंजिन बंद असताना मूठ पूर्ण फिरवून सोडली की ती टक्कन परत यायला हवी. हळूहळू सरकत परत येत असेल तर ती एक दिवस येणारच नाही.

चालत्या गाडीत रेस अडकलीच तर क्रम असा: मूठ एकदा जोराने पुढे ढकलून बघा, लगेच क्लच दाबा, अंगठ्याने किल स्विच (मुठीजवळचं इंजिन बंद करायचं बटण) बंद करा, मग दोन्ही ब्रेक लावून कडेला घ्या. नुसता क्लच दाबला तर इंजिन मोकळं सुटून भयानक ओरडतं आणि घाबरून माणूस क्लच सोडतो. तिथेच अपघात होतो. म्हणून क्लच आणि किल स्विच ही एकच कृती समजा आणि रिकाम्या रस्त्यावर त्याचा हात बसवून ठेवा. किल स्विच नसलेल्या गाडीत चावी फक्त ऑफपर्यंत फिरवा, हँडल लॉकच्या दिशेने ढकलू नका.

माणगावात 125 उघडली. बहुतेक ठिकाणी ‘केबलला तेल मारतो’ म्हणून काम उरकतात. आमचा त्याला ठाम विरोध आहे, कारण दोष तीन वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो: मूठ, केबल आणि कार्बोरेटरची स्लाइड (केबलने वर ओढली जाणारी, हवेची वाट उघडणारी झडप). आधी वेगळं करून बघायचं, मग हात घालायचा.

इंजिन गार होऊ द्या आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या टोपीभोवतीचा चिखल आधी ओल्या फडक्याने पुसा. हे टाळलं तर टोपी उघडताच माती थेट आत पडते आणि नवीनच दुखणं सुरू होतं. टोपी फिरवून स्लाइड वर ओढून घ्या. स्प्रिंग बोटांनी टोपीकडे दाबून धरली की केबलच्या टोकाचा गोळा स्लाइडच्या खाचेतून निघतो. आता मूठ फिरवा. अजूनही जड लागते का? मग दोष वरचा, म्हणजे मूठ किंवा केबल. हलकी झाली? मग दोष बहुधा स्लाइडचा. वरचा दोष असेल तर मुठीजवळच्या स्विचपेटीचे दोन स्क्रू काढून केबल तिथूनही सोडवा आणि आतली तार हाताने मागेपुढे ओढून बघा. ती मोकळी असेल तर दोषी मूठ.

इथे दोष केबलचाच निघाला. स्विचपेटीत जिथे तार गोळ्यात शिरते तिथे दोन बारीक धागे तुटून बाहेर वळले होते, आणि तेच टोक पेटीच्या कडेला अडकत होतं. अशा केबलला तेल देणं धोक्याचं आहे. ती काही काळ छान चालते, मग एकतर तुटते किंवा पूर्ण रेसवर अडकते. धागा तुटलेला दिसला की केबल बदलायचीच. धागे शाबूत असतील आणि नुसता गंज किंवा कोरडेपणा असेल तर तेल चालतं: केबल दोन्हीकडून सोडवायची, उभी धरायची, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा टेपने घट्ट बांधून त्यात पातळ तेलाचे दहा-पंधरा थेंब टाकायचे आणि तार वरखाली करत राहायची. खालून आधी काळं पाणी येतं, मग स्वच्छ तेल. तोवर थांबायचं. ग्रीस मात्र आत भरू नका, विशेषतः आत नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये. त्यात धूळ चिकटून केबल आणखी जड होते.

जुनी केबल ओढून काढण्याआधी तिच्या एका टोकाला मजबूत दोरा बांधा. केबल निघाली की तिच्या वाटेत दोरा राहतो, आणि त्याच्याच साहाय्याने नवीन केबल मूळ मार्गाने आत जाते. मूळ मार्ग चुकल्यामुळेच डावीकडच्या वळणाला रेस चढत होती: आधीची केबल बसवताना टाकीच्या पुढच्या रबराखालून गेली होती.

स्लाइड परत बसवताना दोन गोष्टी पाहा. तिच्या अंगावरची उभी खाच कार्बोरेटरच्या आतल्या छोट्या पिनवर बसली पाहिजे, आणि खालचा तिरका कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला आला पाहिजे. उलटी बसली तर ती पूर्ण खाली जात नाही आणि किक मारताच इंजिन भन्नाट रेस घेतं. नीडलची (स्लाइडमधल्या सुईची) क्लिप ज्या खाचेत आहे तिथेच राहू द्या. टोपी हातानेच आवळा, आटे वाकडे धरले तर पक्कड न वापरताही खराब होतात.

मग ढिलाई. केबल ताणली जाण्याआधी मूठ, कडेवर मोजून, 2 ते 6 मिमी मोकळी फिरली पाहिजे. मोठा फरक कार्बोरेटरजवळच्या ॲडजस्टरवर, बारीक फरक मुठीजवळच्या. गाडी गरम झाल्यावर स्लो (मूठ न फिरवता इंजिन चालतं तो वेग) मिनिटाला साधारण 1400 फेऱ्यांच्या आसपास ठेवा (या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना तेवढंच लागतं, तुमच्या पुस्तिकेतला आकडा खरा), आणि हँडल फिरवण्याची चाचणी पुन्हा करा. ही शेवटची चाचणी न करता गाडी रस्त्यावर काढू नये.

स्लाइडच अडकत असेल तर कारणं वेगळी. फाटलेल्या एअर फिल्टरमधून शिरलेली बारीक माती, किंवा कार्बोरेटर इंजिनला जोडणारे दोन नट प्रमाणाबाहेर आवळल्यामुळे वाकलेलं अंग. दुसऱ्या प्रकारात गार इंजिनवर सगळं ठीक वाटतं आणि गरम झाल्यावर रेस अडकते. नट थोडे सैल करून, दोन्ही आलटून पालटून सारखे आवळा. स्लाइडला सँडपेपर कधीही लावू नका, पेट्रोलने धुऊन फडक्याने पुसणं पुरे.

एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. मूठ टक्कन परत येते, पण इंजिनचा आवाज मात्र सावकाश उतरतो. हा केबलचा दोष नाही. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर पडून हवा शिरत असते. इंजिन स्लोवर असताना त्या जोडावर थोडं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर रबर किंवा त्याचा क्लँप बदला.

माणगावहून हरिहरेश्वर साठेक किलोमीटर, तिथून बागमांडला जेट्टी चार-पाच. फेरीबोटीवर गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर लावा आणि सावित्रीची खाडी ओलांडेपर्यंत तिच्याजवळच थांबा. वेशवीच्या उतारावर शेवाळ असतं. तिथे 150 उजव्या बाजूला आडवी झाली. उचलल्यावर सगळं ठीक दिसत होतं, पण रेस अर्ध्यावर थांबत होती. केबल, थ्रॉटल बॉडी (इंजेक्शनच्या गाडीत हवेची वाट उघडणारा भाग) दोन्ही निर्दोष. हँडलच्या टोकाचं वजन आत दाबलं जाऊन मुठीच्या रबराला घासत होतं. वजनाचा स्क्रू सैल करून ते बाहेर घेतलं, मूठ आणि वजन यांच्यात 1–2 मिमी फट ठेवली, दहा मिनिटांत काम झालं. आतल्या बाजूला, स्विचपेटी आणि रबर यांच्यामध्येही एवढीच फट हवी. बाजारातून घेतलेल्या जाड मुठी इथेच घासतात.

इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवरचा रंग लावून बंद केलेला स्टॉप स्क्रू आणि सेन्सर यांना रस्त्यात हात लावू नका. केबल आणि मूठ तपासायची पद्धत मात्र तीच. केबलच नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांना हे काही लागू नाही. त्या टोइंगनेच न्या.

सोबत घ्यायचं सामान थोडं आहे: तुमच्याच मॉडेलची एक ॲक्सिलरेटर केबल, प्लस स्क्रू ड्रायव्हर, 8, 10 आणि 12 चे पाने, पक्कड, छोटी तेलाची बाटली, दोरा, टेप, सुती फडकी. सर्वांत चांगली युक्ती म्हणजे घरीच राखीव केबल चालू केबलच्या शेजारून ओवून दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवणं. तुटलीच तर टाकी न काढता फक्त दोन टोकं बदलायची.

किनाऱ्यावरच्या वाळूत गाड्या नेऊ नका. वेळाससारख्या ठिकाणी ती कासवांच्या घरट्यांची जागा आहे, आणि खारी वाळू मुठीत शिरली की पुढे महिनाभर करकरते. फेरीबोटीनंतर मुक्कामी पोचल्यावर बादलीभर गोड्या पाण्याने गाडी धुवा. घरी आल्यावर वॉशिंग सेंटरला पाण्याचा झोत स्विचपेटीवर किंवा केबलच्या रबरी टोपीवर मारू देऊ नका. जोराचं पाणी तिथूनच आत जातं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तार गंजते.