परत आलेली चाळीस पाकिटं

जुलै महिना, सांगलीत आठवडाभर पावसाची झड. भडंग करून विकणाऱ्या एका ताईंचा सकाळीच फोन आला. "मॅडम, धंदा बंद करते. दुकानदारानं चाळीस पाकिटं परत पाठवली. कळलं असणार त्यास्नी. आता परवाना पण काढून घेतील."

एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांच्या धंद्यांना आमची संस्था मदत करते. माल परत आला की त्यांचं मन आधी आजाराकडेच धावतं. मी रिक्षाने गेले; संस्थेचं नाव लिहिलेली गाडी आम्ही कुणाच्या दारात उभी करत नाही. आधी परवान्याचं सांगितलं: एचआयव्ही अन्नातून पसरत नाही, खाद्यधंद्याच्या नोंदणीच्या अर्जात तो प्रश्नच नसतो, आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने सहसा संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही.

मग पाकीट फोडलं. चुरमुरे वातड. शेंगदाणे खवट नव्हते, म्हणजे तेल बरं होतं. दुसरं पाकीट बादलीत पाण्याखाली दाबलं तर शिवणीतून बुडबुडे! दहा पाकिटं तपासली, सहा गळकी.

त्यांना समोरच घाणा करायला लावला. 2 किलो चुरमुरे, अर्धा किलो शेंगदाणे, अर्धा किलो तेल. कढीपत्ता धुतला तसा ओलाच फोडणीत पडला. लसूण जरा रंगला की लगेच मसाला. हा सगळा ओलावा चुरमुरे ओढून घेतात. वर भडंग कोमट असतानाच भरायची घाई, म्हणजे वाफ आतच कोंडली. आणि पाकिटाच्या तोंडाशी मसाल्याची पूड. पूड मध्ये आली की सील धरत नाही.

दुसरा घाणा वेगळा केला. चुरमुरे मंद आचेवर परतले, चिमटीत चुरा होईपर्यंत. कढीपत्ता फडक्यावर सुकवला, लसूण चांगला कुरकुरीत तळला. भडंग गार झाल्याबरोबर झाकणाच्या डब्यात, कारण पावसाळी हवेत उघडं राहिलं तरी ते सादळतंच. नरसाळ्याने भरलं, तोंडं पुसून सील केली.

संध्याकाळी त्या स्वतःच नमुना घेऊन दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "मऊ पडलं म्हणून पाठवलं, ताई. असं कुरकुरीत असंल तर सोमवारी चाळीस द्या की."

सोमवारी त्यांची एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, औषधं आणायची तारीख होती. त्यांनी मंगळवार सांगितला. तो बरं म्हणाला.