तुम्ही विचारलंत म्हणून: पुढे गेलो, प्रार्थना केली, मग बाप्तिस्मा कशाला?

उज्जीवन सभांचे, म्हणजे विश्वास जागवण्यासाठी भरवलेल्या ख्रिस्ती सभांचे, दिवस सरले की हा प्रश्न हमखास येतो. "वक्त्यांनी पुढे बोलावलं, मी गेलो, त्यांच्यामागून प्रार्थना म्हटली. म्हणजे तारण झालं ना? मग बाप्तिस्मा कशाला?" त्याला लागूनच दुसरा: "लहानपणी डोक्यावर पाणी घातलं होतं, आता टाकीत उतरून पुन्हा घेऊ का?"

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. त्या संध्याकाळी देवाने तुमच्या मनाला हात घातला असेल तर ते खरं आहे, आणि ते कोणी हलकं लेखू नये. पण ख्रिस्ताला दिलेला जाहीर होकार म्हणून नव्या करारात व्यासपीठापर्यंत चालत जाणं कुठेच नाही. तिथे बाप्तिस्मा आहे, आणि तोही एकदाच.

सभेत पुढे बोलावण्याची ही रीत जेमतेम दोनशे वर्षांची. अठराव्या शतकात जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड उघड्या माळावर हजारोंपुढे उपदेश करत, पण शेवटी आजच्यासारखं पुढे बोलावत नसत. अमेरिकेतल्या मेथडिस्ट शिबिर-सभांत १८०० नंतर ही पद्धत दिसू लागली. चार्ल्स फिनी या उज्जीवन-वक्त्यांनी १८३०-३१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या सभांत तिला ठरीव रूप दिलं: पुढची बाकं राखून ठेवायची, आणि ज्यांना आपल्या आत्म्याची काळजी लागली आहे त्यांनी सर्वांदेखत तिथे येऊन बसायचं. असं का, हे फिनींनी १८३५ च्या व्याख्यानांत मोकळेपणाने सांगितलं आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: प्रेषितांच्या काळी हे काम बाप्तिस्मा करत असे, आता ते हे बाक करतं.

माझ्या मते सगळा गुंता इथूनच सुरू होतो. जाहीर कबुलीचं काम बाकाने घेतलं, मग बाप्तिस्म्याकडे उरलं काय? अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) उरली ती वर्षातून एकदा उरकायची एक औपचारिकता. फिनींच्या हयातीतच पेनसिल्व्हेनियातले धर्मशास्त्राचे शिक्षक जॉन नेव्हिन यांनी १८४३ साली या बाकाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. विश्वास रुजवायचा तर घरोघरचं संथ शिक्षण हवं, एका रात्रीचा दबाव नको, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मला आजही पटतो. लंडनमध्ये चार्ल्स स्पर्जन हे नामांकित बॅप्टिस्ट उपदेशक हजारोंपुढे बोलत, पण चौकशीला येणाऱ्यांना वेगळी वेळ देऊन एकेकट्याला भेटत.

आपल्याकडे याचं एक टोकही पाहायला मिळतं. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) १८८२ साली मुंबईत आली आणि पुढे अहमदनगर भागात चांगली रुजली. तिच्या सभागृहात समोर 'दयासन' असतं, तिथे गुडघे टेकून माणूस पश्चात्ताप करतो. बाप्तिस्मा मात्र त्या मंडळीत दिलाच जात नाही. त्यांच्या सेवेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण या एका बाबतीत मी त्यांच्यासोबत जाऊ शकत नाही.

आता सभेत नेमकं काय घडतं ते बघा. उपदेश संपत येतो, वाद्यं हळू सुरू होतात, एकच कडवं पुन्हा पुन्हा म्हटलं जातं. "सर्वांनी डोळे मिटा, कोणी इकडेतिकडे बघू नका, ज्यांना येशू हवा त्यांनी हात वर करा." मग लगेच, "ज्यांनी हात वर केले त्यांनी पुढे या." हात गुपचूप वर करायला सांगितला होता, आता चालणं मात्र सर्वांदेखत. हा डाव बरा नाही. पहिल्या पायरीवर दुसरी पायरी लपवू नये. मोठ्या सभांत प्रशिक्षित समुपदेशक गर्दीत बसलेले असतात आणि बोलावणं होताच तेही उठून चालू लागतात. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्या सभांतही असंच होत असे. हेतू सोबत करण्याचा असतो, पण बसलेल्याला वाटतं, एवढे लोक चाललेत. पुढे गेल्यावर प्रार्थना एकेक ओळ म्हणवून घेतात, कार्डावर नाव-पत्ता लिहून घेतात.

यात चुकतं कुठे? खेड्यातल्या सभेला बरेच जण आजारपण, करणीची भीती, दारूचं व्यसन किंवा रखडलेलं लग्न घेऊन आलेले असतात. "पुढे या" हे त्यांना आशीर्वादाचं बोलावणं वाटतं, आणि ते आदराने येतात. घरी देव्हाऱ्यात आणखी एक तसबीर लागते. त्यांनी फसवलेलं नसतं. त्यांना काय विचारलं जातंय हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं. मुलं मैत्रिणीसोबत, मित्रासोबत येतात. काही जण दरवर्षी येतात, कारण मागच्या वेळी प्रार्थना 'मनापासून' म्हटली की नाही याची खात्री वाटत नाही. हे शेवटचं मला सर्वांत क्लेशाचं वाटतं. तारणाचा भरवसा स्वतःच्या त्या क्षणाच्या भावनेवर टांगला की माणूस आयुष्यभर ती भावना तपासत बसतो. आणि आयोजक मात्र वर आलेले हात मोजून 'इतक्यांचं तारण झालं' असं छापतात. हे छापू नये. आलेल्यांपैकी प्रत्येकाच्या घरी दोन-तीन दिवसांत कोणीतरी जाऊन आलं का, एवढंच विचारावं.

नव्या करारात क्रम ठरावीक नाही, हे मान्य करायला हवं. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, प्रेषित पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या. त्याच दिवशी सुमारे तीन हजार जण घेतात. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरतो, पाणी नंतर. शोमरोनात बाप्तिस्मा आधी होतो आणि आत्मा पुढे, प्रेषितांनी हात ठेवल्यावर. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने तर मध्यरात्रीनंतर, त्याच घटकेला, घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला. वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्म्याविना सुखलोकाचं वचन मिळालं, आणि शिमोन जादूगाराने बाप्तिस्मा घेऊनही त्याचं मन सरळ नव्हतं. म्हणून पाणी आपोआप तारतं असं मी म्हणत नाही. पण 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकात विश्वास ठेवून बाप्तिस्मा टाळणारा एकही माणूस दाखवलेला नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. नंतर त्यांनी स्वतः लिहिलं की आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. नारायण वामन टिळकांचं उलट. रेल्वेच्या डब्यात एका परक्या प्रवाशाने हाती दिलेला नवा करार, डोंगरावरच्या प्रवचनाने लागलेली ओढ, मनातली मोठी घालमेल, आणि मग १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. दोघांच्याही परिवर्तनाला एकच तारीख चिकटवता येत नाही. अशांना "तुझा नवा जन्म कोणत्या दिवशी झाला?" असं खडसावून विचारणं अन्यायाचं आहे.

बाप्तिस्म्याच्या अर्थाबद्दल मंडळ्यांत मतभेद आहेत. वसईच्या कॅथलिकांसाठी स्नानसंस्कारात देव खरोखर नवजीवन देतो, म्हणून अर्भकालाही तो द्यायचा. ऑर्थोडॉक्स मंडळी बाळाला तीनदा बुडवून लगेच तैलाभ्यंग (पवित्र तेलाचा संस्कार) आणि सहभागिताही (प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस) देतात. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनच्या परंपरेत तो कराराची खूण आहे, विश्वासी आईबापांच्या लेकरांनाही लागू. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत आधी स्वतःचा विश्वास, मगच पाणी, आणि तेही बुडवून. या मताची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली आहे: झ्युरिकमध्ये जानेवारी १५२५ मध्ये प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देण्यास सुरुवात झाली, आणि १५२७ च्या जानेवारीत फेलिक्स मान्झ यांना लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने अर्भकांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले. मला ती वाट समंजस वाटते.

प्रत्यक्ष करताना मात्र नेमकेपणा हवा. शब्द हेच: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." यात सुधारणा करायला जाऊ नये. 'मी'ऐवजी 'आम्ही' म्हणून दिलेला बाप्तिस्मा व्हॅटिकनने २०२० मध्ये अवैध ठरवला, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स धर्मप्रांतात एका धर्मगुरूने वर्षानुवर्षं तसंच म्हटल्याचं उघड झाल्यावर असंख्य लोकांना पुन्हा संस्कार घ्यावा लागला. ओतून द्यायचा असेल तर पाणी डोक्याच्या त्वचेवरून वाहायला हवं. ओल्या बोटाचा नुसता स्पर्श पुरत नाही. पाणी कोणतं, याबद्दल 'दिदाखे' ही फार जुनी ख्रिस्ती पुस्तिका मोठ्या मनाची आहे: वाहतं पाणी उत्तम, नसेल तर दुसरं, थंड जमत नसेल तर कोमट, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. म्हणून डिसेंबरात आजीबाईंसाठी टाकीत गरम पाणी मिसळायला कोणी नाकं मुरडू नयेत.

बुडवून देताना पाणी कमरेच्या थोडं वर असावं. उमेदवाराने स्वतः नाक धरावं, गुडघे वाकवावेत. पाळकाचा एक हात पाठीवर, खांद्यांच्या मधोमध. बाप्तिस्म्याचं वरचं वाक्य आधी पूर्ण म्हणावं, मग बुडवावं; बोलत बोलत बुडवलं की माणूस श्वास घेण्याच्या बेतात असतानाच पाण्याखाली जातो. नदीत डोकं प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवावं, म्हणजे वर येताना पाणीच पाठीला रेटा देतं. धरण वरच्या अंगाला असेल तर पाणी कधी सोडणार याची आधी चौकशी करावी. ओली सहावारी पायांत गुंडाळते आणि जड होते. गडद सलवार-कमीज बरी, पांढरे पातळ कपडे नकोत. आणि पाण्यात उभं राहून विजेच्या माइकला हात लावायचा नाही. टेक्ससमधल्या वेको शहरात २००५ साली एका तरुण पाळकाचा असाच मृत्यू झाला.

त्याआधी शिकवण हवीच. सहा ते आठ बैठका पुरतात: देव, पाप, ख्रिस्ताचं मरण व पुनरुत्थान, प्रार्थना, मंडळीचं जीवन, आणि घरच्यांशी कसं वागायचं. वय १८ पूर्ण असावं, लहान असेल तर आईबापांची संमती असावी, आणि कुठलंही आमिष, दडपण नाही हे माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं. काही राज्यांत धर्मांतराबाबत कायदे आहेत. आधी वकिलाला विचारावं. दलित विश्वासणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही आहे. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. "गॅझेटमध्ये धर्म बदलला नाही तर काही होत नाही" असा दिलासा देऊ नका. न्यायालयं बाप्तिस्मा आणि प्रत्यक्ष आचरणही पाहतात. लेकरांच्या शिक्षणासाठी जो थांबतो त्याला भ्याड म्हणणाऱ्या पाळकाचा मला राग येतो. त्याच्यासोबत प्रार्थना करा, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या.

आता दुसरा प्रश्न. लहानपणी पाण्याने आणि त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या, नावाने बाप्तिस्मा झाला असेल तर तो झाला. देणारा पाळक कसा निघाला, तुम्ही तेव्हा रडत होतात की झोपेत, याने फरक पडत नाही. बॅप्टिस्ट भाऊबहिणींचं मत इथे वेगळं आहे. त्यांच्या लेखी आता घेतलेला बाप्तिस्माच पहिला खरा ठरतो, आणि त्यांच्या मंडळीत जायचं ठरवलंत तर ते तुम्हाला बुडवून घ्यायला सांगतील. पण केवळ आता मन पेटलं म्हणून पुन्हा पाण्यात उतरू नका. त्यासाठी मंडळीपुढे साक्ष द्या, दृढीकरण (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) राहिलं असेल तर घ्या, ईस्टरला बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारा.

झाला की नाही हेच माहीत नसेल तर आधी नोंदवही शोधा: जन्मगावच्या मंडळीत, आजोळच्या मंडळीत, जुन्या मिशनच्या दप्तरात. वहीत नाव, जन्मतारीख, आईवडील, दिवस, ठिकाण, देणारा आणि साक्षीदार असतात. वही मिळाली नाही तर पाहिलेल्या एखाद्या आत्याची, मावशीची लेखी साक्ष चालते. तीही नसेल, तर "जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला..." असं म्हणून सशर्त बाप्तिस्मा देतात, आणि या वेळी नोंद त्याच दिवशी करून घ्या.