युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर: लिटिल इंडियात मुक्काम आणि दुपारची सुट्टी

मुंबईहून सिंगापूरला जाणारी मराठी कुटुंबं बहुतेक वेळा लिटिल इंडिया किंवा फॅरर पार्कला उतरतात. युनिव्हर्सलचं राइड्सचं उद्यान ज्या सेंटोसा बेटावर आहे तिथल्या हॉटेलांपेक्षा भाडं बरंच कमी पडतं, आजी-आजोबांना रात्री गरम भात-सांबार मिळतं आणि मुस्तफा हे खरेदीचं मोठं दुकान चालत जाण्यासारखं असतं. मुक्काम म्हणून ही जागा उत्तम. प्रश्न येतो तो युनिव्हर्सलच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला. मूल रडकुंडीला आलेलं, आजीचे गुडघे बोलू लागलेले, तिकिटाचे पैसे डोळ्यांसमोर, आणि खोली बेटाच्या पलीकडे. परत जायचं की रेटायचं, हे त्या क्षणी ठरवायला गेलं की हमखास चुकतं. ते हॉटेल घेतानाच ठरवायला हवं.

इथला हिशेब सहा जणांचा आहे: आजी-आजोबा, आई-बाबा, चौथीतली मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. लिटिल इंडिया स्टेशनपासून सात मिनिटांवर दोन खोल्या, आणि युनिव्हर्सलसाठी दोन दिवस. चार वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. एका दिवशी दुपारी खोलीवर परत, दुसऱ्या दिवशी नाही.

आधी मिनिटं मोजू. उद्यानाच्या दारापासून सेंटोसा एक्सप्रेस या बेटावरच्या मोनोरेलच्या रिसॉर्ट्स वर्ल्ड स्टेशनापर्यंत बाबागाडीसह सात मिनिटं. गाडीची वाट आणि बेटाबाहेरच्या व्हिवोसिटी मॉलपर्यंतचा प्रवास, आणखी सात. तिथलं मोनोरेलचं स्टेशन मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मॉलला जोडलेल्या हार्बरफ्रंट स्टेशनाची मेट्रो जमिनीखाली. बाबागाडीमुळे सरकते जिने टाळायचे, म्हणून लिफ्ट. शनिवारी-रविवारी तिथेच दहा मिनिटं जातात, आणि बहुतेकांच्या हिशेबातून नेमकी हीच दहा मिनिटं सुटतात. हार्बरफ्रंटहून नॉर्थ ईस्ट लाइनने थेट लिटिल इंडिया, गाडी बदलावी लागत नाही. वाट पाहण्यासकट सोळा मिनिटं. मग हॉटेलपर्यंत चालत सात ते दहा. एकूण पन्नास, आजी-आजोबा बरोबर असतील तर पंचावन्न. जाऊन-येऊन पावणेदोन तास गेले, आणि अजून पाठ टेकलेली नाही.

उद्यान बरेच दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी सात एवढंच उघडं असतं. सुट्ट्यांत आणि काही शनिवार-रविवारी ते उशिरा बंद होतं. प्रत्येक तारखेच्या वेळा त्यांच्या संकेतस्थळावर असतात, त्या पाहूनच तारीख निवडा. नऊ तासांच्या दिवसातून खोलीवरच्या दोन तासांसाठी पावणेचार तास काढणं परवडत नाही. उद्यान रात्री आठ-नऊपर्यंत उघडं असेल तर जरूर परवडतं, कारण परतल्यावर हातात तीन-चार तास उरतात आणि तेही ऊन उतरल्यावरचे. आमचा नियम साधा आहे: विश्रांतीचा वेळ येण्याजाण्याच्या वेळापेक्षा जास्त भरत नसेल तर खोलीवर जाऊ नये. हॉटेल अजून ठरलं नसेल आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर त्याच लाइनवरचं चायनाटाउन किंवा आउटरम पार्क बघा. आउटरम पार्क हार्बरफ्रंटला लागूनचंच स्टेशन. एका बाजूची पाच ते आठ मिनिटं वाचतात आणि लिटिल इंडियातलं जेवणही फार लांब पडत नाही.

दुपार नेमकी कधी सोडायची? सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे, पण तिथलं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे चालतं. तिथे सूर्य माथ्यावर येतो तो एकच्या सुमाराला. म्हणजे साडेअकराला घाबरून बाहेर पडू नका. एक ते चार हा खरा तापाचा काळ. दुसरी गोष्ट पावसाची. आपल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या, मे महिन्याची आणि दिवाळीची, सिंगापूरच्या दोन मान्सूनच्या मधल्या काळात पडतात, आणि त्या दिवसांत दुपारी गडगडाटी पाऊस नेहमीचा. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. तेव्हा सकाळी उघड्यावरच्या आणि दुपारनंतर छपराखालच्या असा क्रम ठेवला की ऊन आणि पाऊस दोन्ही चुकतात. फोनवर मायएन्व्ह हे तिथल्या सरकारचं अॅप घ्या, पावसाचं रडार त्यात दिसतं.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि हिच्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा मुलाच्या अंगातलं मुंबईचं घड्याळ साडेदहा दाखवत असतं. घरी दीड वाजता झोपणारं मूल तिथे पहिले दोन दिवस चारच्या आधी झोपत नाही. त्याला दोन वाजता अंधाऱ्या खोलीत थोपटत बसलं तर आईचा जीव मेटाकुटीला येतो, मूल टक्क जागं राहतं, आणि निघायची वेळ झाली की डोळे मिटतं. म्हणून युनिव्हर्सल सहलीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ठेवा. रात्रीच्या विमानाने सकाळी उतरून त्याच दिवशी तर मुळीच नको. दुपारी दोन-तीनपर्यंत खोलीच हातात येत नाही.

पहिला दिवस, उद्यान उशिरापर्यंत उघडं. साडेआठला लिटिल इंडिया सोडलं की सव्वानऊ-साडेनऊला फिरत्या पृथ्वीगोलासमोर पोचतो. दार उघडल्यावर थेट उघड्यावरच्या राइड्स: कॅनोपी फ्लायर आणि एन्चांटेड एअरवेज, दोन्ही ९२ सेंटीमीटरपासून. मोठ्यांना गॅलॅक्टिका ही रोलर कोस्टर करायची असेल तर ती आत्ताच, तिला १२५ लागतात. मुलांची उंची मुंबईतच, बूट काढून, भिंतीशी उभं करून मोजा आणि घरीच सांगा कोण कशात बसणार. दारावरच्या पट्टीपाशी मूल रडलं की पुढचा अर्धा तास त्याची समजूत काढण्यात जातो.

जुरासिक पार्क रॅपिड्स (१०७ सेंटीमीटर) सकाळच्या भागात शेवटी, पावणेबाराच्या सुमाराला ठेवा. त्यात माणूस कमरेपर्यंत भिजतो, कधी डोक्यापासून. ओल्या कपड्यांनी पन्नास मिनिटांच्या प्रवासाला काढून थंडगार मेट्रोत बसवलं तर रात्री मूल नाक ओढायला लागतं, त्यामुळे उद्यानातच कोरडा टीशर्ट-चड्डी बदलून मग निघा. बूट घालूनच जायचं असेल तर ही राइड सोडा. ओले बूट खोलीवरच्या दोन तासांत वाळत नाहीत, आणि संध्याकाळी त्यातच चालल्यावर टाचेला फोड येतात. पट्ट्यांचे फ्लोटर्स सगळ्यात बरे.

बाहेर पडताना परत यायचं आहे असं सांगून हातावर शिक्का मारून घ्या, प्रत्येकाच्या, तान्ह्यासकट. तिकीटही जपून ठेवा, परत शिरताना दोन्ही लागतात. शिक्का मनगटाच्या आतल्या बाजूला नको. तिथे घाम येतो आणि सनस्क्रीन चोळताना तो निघून जातो. खोलीवर अंघोळ घालताना त्या हाताला साबण लावू नका. उद्यानात भाड्याने घेतलेली बाबागाडी बाहेर नेता येत नाही, म्हणून दुपारी परतायचं असेल तर मुंबईहूनच छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी न्यावी.

मेट्रोत खाणं-पिणं बंद आहे, पाणीसुद्धा. दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत आहे. मुलाला पाणी, बिस्किट जे द्यायचं ते हार्बरफ्रंटच्या फाटकाआधी. हार्बरफ्रंट लाइनचं टोकाचं स्टेशन असल्यामुळे आजी-आजोबांना बसायला जागा मिळते, अगदी चर्चगेटहून निघणाऱ्या लोकलसारखी. टॅक्सीचा मोह होतो, पण साध्या टॅक्सीत चारच जण बसतात, आणि अॅपवरून मागवलेल्या खाजगी गाडीत १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे. रस्त्यावरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. आजी आणि धाकट्याला आईबरोबर टॅक्सीने पाठवून बाकीच्यांनी मेट्रोने येणं, हा मार्ग चांगला जमतो.

खोलीवर पोचल्यावर दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. पहिली, सफाईवाले नेमके त्याच वेळी आत असतात. सकाळी निघताना काउंटरवर सांगून ठेवा: अकराच्या आत करा, नाहीतर पाचनंतर. दुसरी, किल्लीचं कार्ड खाचेतून काढलं की एसी बंद होतो, आणि पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी खोली भट्टी झालेली असते. सकाळीच जाड पडदे ओढून जा. परतल्यावर आधी एकाने वर जाऊन एसी लावायचा, तोवर बाकीच्यांनी खाली पार्सल घ्यायचं. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७पासून चालू आहे, पूर्ण शाकाहारी. मुलांना दुपारी तळकट देऊ नका, दहीभात, इडली. मग पाय धुवायचे, कोरडे करायचे, उशी पायांखाली घ्यायची, टीव्ही बंद. झोप लागली तर चाळीस मिनिटांनी उठवा. तासभराच्या पुढे गेलं की मूल चिडूनच उठतं आणि निघायला अर्धा तास उशीर होतो.

ओआरएसची पाकिटं मुंबईतूनच न्या, पण ती नीट वापरा. पाकिटावर १ लिटर लिहिलेलं असेल तर १ लिटरच पाणी, अर्ध्या लिटरच्या बाटलीत आख्खं पाकीट ओतायचं नाही. मीठ-साखर दुप्पट घट्ट झालं तर लहान मुलांना त्याने उलट त्रासच होतो. सिंगापूरचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या खोलीतच भरा.

चारला निघालं की पाचच्या आत उद्यानात. व्हिवोसिटीहून बेटावर जाताना सेंटोसा एक्सप्रेसचं भाडं ४ डॉलर आहे, परतीला काही नाही. मोठ्यांनी दुसऱ्या फेरीला बोर्डवॉकवरून, म्हणजे बेटावर नेणाऱ्या पादचारी पुलावरून, चालत जायला हरकत नाही: सुमारे ७०० मीटर, बऱ्याच ठिकाणी छत, मधे सरकते पट्टे. संध्याकाळी छपराखालच्या राइड्स: ट्रान्सफॉर्मर्स (१०२ सेंटीमीटर), ममी (१२२), सेसमी स्ट्रीटची स्पॅगेटी स्पेस चेस, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये उघडलेल्या मिनियन लँडमधल्या छपराखालच्या. मुंबईच्या घड्याळाने मुलांची ही भर दुपार असते, त्यामुळे नऊपर्यंत ती उत्साहात असतात. आजी-आजोबांना मात्र दुपारनंतर खोलीवरच राहायचं असेल तर राहू द्या. तिकिटाच्या पैशांसाठी त्यांना परत ओढून नेणं बरोबर नाही.

दुसरा दिवस, उद्यान सातला बंद. आज खोलीवर जायचं नाही, व्हिवोसिटीतच दोन तास काढायचे. पाऊण वाजता शिक्का मारून बाहेर, एकपर्यंत मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर. स्टेशनच्या त्याच मजल्यावर फूड रिपब्लिक आहे, तिथे जेवण. त्याच मजल्यावर हार्बरफ्रंटचं सार्वजनिक वाचनालय आहे, ११ ते ९ उघडं, आत जायला पैसे नाहीत. मुलांचा वेगळा विभाग, खिडकीतून समुद्र आणि सेंटोसा, आणि शांतता. धाकटा बाबागाडीत डुलक्या घेतो, मुलगी चित्रांची पुस्तकं काढून बसते, आजोबा पाय सैल सोडून पेपर चाळतात. आत खाणं-पिणं नको आणि आवाज हळू, एवढं पाळा. मॉलच्या गच्चीवर मुलांनी खेळावं असं उथळ पाणी आहे, पण दुपारी तिथे सावली नाही. ते परतीच्या वेळी. सव्वातीनला परत उद्यानात, येण्याजाण्यात तीस मिनिटंच गेली.

निघण्याआधी एक चाचणी मुंबईतच करता येते. युनिव्हर्सलचा विस्तार सुमारे २० हेक्टर आहे, भायखळ्याची राणीची बागही साधारण तेवढीच. एखाद्या शनिवारी सकाळी सगळ्यांना घेऊन तिथे तीन तास फिरा (बुधवारी बाग बंद असते). धाकटा कितव्या मिनिटाला उचलून घ्यायला सांगतो, आजी किती वेळाने बाक शोधतात, हे लिहून ठेवा. आजी दीड तासाने बाक शोधत असतील तर त्यांच्यासाठी बाराचीच वेळ धरा, आणि त्यांच्याबरोबर लवकर कोण निघणार हेही घरूनच ठरवून जा.