नागपूरजवळ हिंगण्याच्या शेडमधली ३२ फुटी यॉट: तळ कोरडा झाला, आता रिगिंग

मागच्या नोंदीपर्यंत तळाचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, सोलून झाला होता. त्यानंतरचं सगळं काम एकाच हिशेबाने चाललं: मृग लागायच्या आत विदर्भाचा कोरडा उन्हाळा वापरून घ्यायचा. समुद्रापासून इतक्या लांब बोट का ठेवली, असं बरेच जण विचारतात. किनाऱ्याच्या दमट हवेत फायबरचा तळ वाळता वाळत नाही. इथे एप्रिल-मेमध्ये ते काम हवाच करते.

नुसतं ऊन मात्र पुरत नाही. ऑस्मॉसिसच्या, म्हणजे फायबरमध्ये पाणी झिरपून तळावर येणाऱ्या, फोडात आंबूस वासाचं जे पाणी असतं, त्यात ग्लायकॉल असतो आणि तो ओल धरून ठेवतो. तो धुऊन काढला नाही, तर ४५ अंशांतही लॅमिनेट (फायबर आणि रेझिनचे एकजीव थर) वरून कोरडं आणि आतून ओलं राहतं. म्हणून दर तीन-चार दिवसांनी गरम पाण्याचा प्रेशर वॉश, मग वाळवण, मग पुन्हा वॉश. धुतल्यावर काही तासांनी जिथे चिकट, काळपट डाग परत उमटतो, तिथे ग्लायकॉल शिल्लक आहे असं समजा. शेवटी फूटभर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी अॅल्युमिनियम टेपने चिकटवून २४ तास ठेवायचं. आत एकही थेंब दिसता कामा नये. मॉइश्चर मीटरचा आकडा एकटा वाचू नका, पाण्याच्या रेषेच्या वरच्या कोरड्या भागाशी ताडून बघा. आतल्या बाजूला टाकी किंवा धातूची पट्टी असेल तर मीटर तिथे खोटी ओल दाखवतो.

आणि शेडमध्ये कूलर लावायचा नाही! नागपूरकराला हे जड जातं, पण कूलर म्हणजे ओल्या हवेचा झोतच. एग्झॉस्ट पंखे पुरे.

वाळलेल्या तळावर पाणी रोखायला इपॉक्सी रेझिनचे थर द्यायचे. त्याची खरी परीक्षा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सीची रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. २५ अंशांवर २० मिनिटं टिकणारं मिश्रण ३५ वर जेमतेम १० मिनिटं टिकतं. उपाय तीन: स्लो हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक, सावकाश काम करणारा), एका वेळी १५० ग्रॅमच मिश्रण, आणि ढवळून झाल्याबरोबर ते पसरट ट्रेमध्ये ओतणं. मगात राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने धुरावतं. फायबरच्या टाक्या करणारे कारागीर पॉलिएस्टर रेझिनला सरावलेले असतात, त्यामुळे उन्हाळ्यात हार्डनर कमी घालायचा त्यांचा हात असतो. इपॉक्सीत ते चालत नाही. प्रमाण ठरलेलं असतं. कमी घातलं तर थर कायमचा मऊ राहतो. वजनकाट्यावर मोजत असाल तर डब्यावरचं वजनाचंच प्रमाण घ्या, आकारमानाचं नव्हे.

पहिला थर सूर्यास्तानंतर. पहाट थंड म्हणून मोह होतो, पण दिवस चढतो तशी लॅमिनेटमधली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात टाचणीएवढी भोकं पाडते. तापमान उतरत असताना तीच हवा आत ओढली जाते आणि तिच्यामागे रेझिनही. पुढचा थर, आधीच्यावर नखाची खूण उमटते पण चिकटत नाही, अशा वेळी द्यायचा. सहा थरांत साधारण ५०० मायक्रॉन जाडी मिळाली. ती वेळ हुकली, तर वर मेणचट साय येते. ती थिनरने पुसली जात नाही, नुसती पसरते. आधी पाणी आणि घासणी, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर.

आतलं काम पटकन सांगतो. नव्या बल्कहेडसाठी (बोटीतली आडवी भिंत) आयएस ७१० शिक्क्याचंच मरीन प्लाय. सर्वसाधारण वापराचं आयएस ३०३ नको. हार्डवेअरच्या दुकानातले पितळी व्हॉल्व्ह तळाच्या भोकांवर चालत नाहीत: खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरलेला गुलाबी, ठिसूळ तुकडा हातात येतो. ब्रॉन्झचेच मागवले आहेत. प्रत्येकाशेजारी निमुळती लाकडी गुडदी दोरीने बांधलेली. ऑटोपायलटला १० अॅम्पिअर लागतात, जाऊन-येऊन १२ मीटर वायर. २.५ चौरस मिलिमीटरमध्ये ०.८ व्होल्ट, म्हणजे सात टक्के वाटेतच जातात. ६ चौरसमध्ये तीन टक्क्यांच्या आत. वायर कल्हई केलेल्या तांब्याची हवी, घरगुती वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते.

आता रिगिंग, म्हणजे डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा आणि त्यांचं सामान. चेनप्लेट्स (या तारा बोटीला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) काढून चिरा दाखवणाऱ्या डाय पेनेट्रंटने तपासल्या. एमआयडीसीत वेल्डिंग तपासायला वापरतात तोच लाल-पांढरा स्प्रे. डेकमधून जाणाऱ्या भागावर विशेष लक्ष, कारण सीलंटखाली हवा न लागता पाणी साचतं आणि तिथेच स्टेनलेसला चीर जाते. दोन प्लेट्सवर केसासारखी लाल रेष उमटली. सगळ्याच ३१६ प्रतीच्या स्टेनलेसमध्ये नव्या करतोय, जुन्या-नव्यांची सरमिसळ नाही. स्टेसाठी (डोलकाठीच्या आधाराच्या तारा) १×१९ ची, म्हणजे १९ तारा एकत्र पिळलेली, ३१६ वायर आणि दाबून बसवलेल्यांऐवजी पान्याने आवळायची टर्मिनल्स, म्हणजे भर समुद्रात दुरुस्ती हातांनी होते. सर्वांत लांब स्टेएवढी वायर आणि दोन टर्मिनल्स जादा. २०१८ मध्ये दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी हिंदी महासागरात मोडली, तेव्हापासून वायर कटरला आमच्या यादीत वरची जागा आहे: मोडलेली काठी वेळेत तोडून सोडली नाही तर ती लाटेसरशी तळालाच भोक पाडते.

डोलकाठी उभारणं, अँटीफाउलिंग (तळावर शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग) आणि रिगचा ताण किनाऱ्यावर. बोट २.६ मीटरपेक्षा रुंद असल्यामुळे ट्रेलरला ओडीसी (ठरल्या मापाबाहेरच्या मालाचा) परवाना लागेल. कील, म्हणजे तळाखालचं वजनदार पातं, सुटी जाईल. तिचे बोल्ट काढून बघायची संधी त्यातच साधायची.