आजोबांनी इन्सुलिन नाकारलं

मागच्या आठवड्यात वह्या तपासताना एका वाक्यापाशी हात थांबला. ‘द पेशंट वॉज डिनाइड इन्सुलिन ॲट लंच.’ लिहिणारी मुलगी लातूरकडची, सहा वर्षं वॉर्डात काढलेली, कामाला अतिशय चोख. तिला म्हणायचं होतं की आजोबांनी दुपारचं इन्सुलिन घ्यायला नकार दिला. कागदावर मात्र उमटलं होतं की आजोबांना इन्सुलिन मिळायला हवं होतं आणि ते त्यांना दिलं गेलं नाही. म्हणजे ठपका थेट ड्यूटीवरच्या नर्सवर.

मी मिरजेत नर्सना ओईटीची, म्हणजे परदेशात काम करायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करून देते. या परीक्षेत लेखनाला पंचेचाळीस मिनिटं असतात. त्यातली पहिली पाच फक्त केस नोट्स वाचायची. मग त्यावरून दुसऱ्या डॉक्टरांना किंवा नर्सला पत्र लिहायचं, साधारण १८० ते २०० शब्दांचं. एवढ्याशा पत्रात एक क्रियापद चुकलं की पेशंटची सगळी हकिकतच फिरते.

‘नाकारणे’समोर तिच्या डिक्शनरीत रिफ्यूज आणि डिनाय शेजारी शेजारी बसले होते. आपल्याकडे चहा नाकारतात, आरोप नाकारतात आणि कोर्ट जामीनही नाकारतं. इंग्रजीत ही तीन वेगळी कामं आहेत. समोर धरलेली वस्तू किंवा सांगितलेली गोष्ट नको म्हटली की रिफ्यूज. ‘हे खरं नाही’ म्हटलं की डिनाय, म्हणून केसपेपरवर ‘डिनाइज चेस्ट पेन’ असतं: छातीत दुखत नाही, असं पेशंट सांगतो. (या वापरावर तिकडे आक्षेपही आहेत. पेशंटवर आपला विश्वास नाही असा सूर त्यातून लागतो, असं मांडणारा लेख २०२२ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मला तो पटतो.) आणि ज्याला जे मिळायला हवं ते दुसऱ्याने दिलं नाही, तरीही डिनाय. जामिनाचं नाकारणं हे असं. ‘वॉज डिनाइड’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात हाच अर्थ येतो.

मी तिला ‘डिक्लाइन्ड’ सुचवलं. रिफ्यूज चूक नाही, पण त्यात पेशंट हट्टी असल्याचा वास येतो. तिने खोडून लिहिलं आणि विचारलं, “मॅडम, शुगर खाली आली म्हणून डॉक्टरच म्हणाले, आजचा डोस नको, तर?” त्याला विथहेल्ड. विचारपूर्वक, कारण असल्यामुळे दिलं नाही. एकाच ट्रेमधली एकच सिरिंज, ती टोचली गेली नाही, आणि त्याची तीन क्रियापदं. कुणी नाही म्हटलं, हे ज्याला त्याला माहीत असतंच. वॉर्डात उभ्या असलेल्या नर्सला तर नक्कीच.

म्हणून हल्ली मी अर्थांच्या याद्या पाठ करून घेत नाही. पूर्वी घ्यायची, आणि त्या याद्यांनीच हा घोळ वाढवला असं मला आता वाटतं. आता एकच विचारते: हे कुणी केलं, की आपसूक झालं?

राइज आणि रेज, लाय आणि ले यांच्यात सगळ्यांची गाडी अडते. खरं तर ही जोडी आपल्या घरातली आहे. बाळ झोपलं, मी बाळाला झोपवलं. तो बसला, मी त्याला बसवलं. यात तीन वर्षांचं मूलही चुकत नाही. ताप चढला तर राइज, कॉटचं डोकं आपण वर केलं तर रेज. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. आणि माझी सगळ्यात आवडती जोडी: झाड पडलं तर फॉल, माणसाने पाडलं तर फेल. नापास होण्यातला फेल नव्हे, हा वेगळा. पड-पाड, फॉल-फेल, दोन्हीकडे आतला स्वर बदलून काम भागतं. संस्कृतात पतति-पातयति आहे, आणि तिथला प्रयोजक, म्हणजे ‘करायला लावणं’ दाखवणारा, प्रत्यय आणि इंग्रजी ज्या कुळातली त्या जुन्या जर्मानिक भाषांतला प्रत्यय एकाच मुळातून आलेले आहेत. हे मी फळ्यावर लिहिते तेव्हा वर्ग दोन मिनिटं शांत असतो.

ड्रिंकची जोडी ड्रेंच. आज त्याचा अर्थ भिजवून चिंब करणं, पण मूळ अर्थ पाजणं. माझे आजोबा म्हशीचं तोंड वर धरून बांबूच्या नळीतून काढा पाजायचे. इंग्रजीत जनावराला असं औषध पाजण्याला अजूनही ड्रेंच म्हणतात. पिणं आणि पाजणं, तसंच ते.

लाय आणि ले यांच्यात मात्र एक खड्डा आहे आणि तिथे समज पुरत नाही, घोकावंच लागतं. लाय म्हणजे आडवं असणं, त्याचा भूतकाळ ‘ले’. आणि ले म्हणजे आडवं ठेवणं, त्याचा भूतकाळ ‘लेड’. लाय-ले-लेन, ले-लेड-लेड. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही बोलताना ‘ले डाउन’ सर्रास म्हणतात. पत्रात ते चालत नाही. आम्ही रोज वर्ग सुटताना मोठ्याने म्हणतो, पाढ्यासारखं.

परवा रात्री साडेदहाला त्याच मुलीचा मेसेज आला, ड्यूटी संपल्यावरचा. “मॅडम, केसमध्ये आजी बाथरूममध्ये दोन तास पडून होत्या. कुणी ठेवलं नव्हतं त्यांना, स्वतःच होत्या. म्हणजे ‘लेड’ नाही, ‘ले’ ना?”

हो, ले.