मामांचा डबा, पुढचा अपडेट: पेजफाईल सुटली, आता एमएफटी आडवी आलीय

मंडळी, मागच्या वेळी मिरजेच्या मामांच्या डीटीपीच्या दुकानातला तो पेंटियम फोर दाखवला होता, विंडोज एक्सपी एसपी३, १ जीबी रॅम, ८० जीबीची आयडीई डिस्क आणि त्यातला सी ४० जीबीचा. तो आता विश्रामबागेत माझ्या टेबलावर आहे आणि डीफ्रॅग (डिस्कवर तुकड्यांत विखुरलेल्या फाईली सलग जोडणं) करून करून लय वैताग आलाय. दर वेळी शेवटी तोच डायलॉग, काही फाईली डीफ्रॅगमेंट करता आल्या नाहीत. रिपोर्ट उघडला की खाली तीच यादी, आणि नकाशात मधोमध हिरव्या पट्ट्या (न हलणाऱ्या फाईली) जशाच्या तशा.

"फॉरमॅट मार की लेका" असं म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, त्यात जुनं कोरल (डिझाईनचं सॉफ्टवेअर) आहे, श्रीलिपीचे फाँट आहेत, पॅरलल पोर्टचा डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली) आहे, आणि पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत. मामा म्हणाले, "अरे, सेटिंग तेवढं हलवू नकोस, बाकी काय करायचं ते कर." म्हणजे फॉरमॅट कटाप.

तर यादीतले एकेक गडी कसे काढले ते पटकन सांगतो. मोठ्या बॅकअप झिपा होत्या त्या हलत नव्हत्या कारण सलग जागाच नव्हती, एक्सपीचा डीफ्रॅगर मुळात १५ टक्के मोकळी जागा मागतो आणि ती दिली तरी मोकळी जागा एकत्र गोळा करत नाही. त्या बाहेरच्या डिस्कवर काढल्या. (स्टँडजवळच्या दुकानातून घेतलेलं आयडीई-यूएसबी अडॅप्टर अजिबात घेऊ नका कुणी, त्याचा पॉवरचा ठोकळा मोठी कॉपी चालू असताना दम टाकतो. माझा लॅमिंग्टन रोडचा जुनाच बरा निघाला.) मग सिस्टिम रिस्टोअर बंद केलं. ते बाय डिफॉल्ट १२ टक्के जागेवर हक्क सांगतं, म्हणजे ४० जीबीत जवळजवळ ५ जीबी! हायबरनेशनचा टॅब उघडून टिक काढली, हायबरफिल (हायबरनेट होताना रॅम साठवायची फाईल) गेली. रजिस्ट्रीच्या हाइव्ह (विंडोजच्या सेटिंगच्या फाईली) आणि इव्हेंट लॉग यांना चालू विंडोज हात लावू देत नाही, त्यासाठी सिसइंटर्नल्सचं पेजडीफ्रॅग, बूट होताना चेकडिस्कसारखं निळ्या स्क्रीनवर चालतं आणि एकेक फाईलचं नाव दाखवत जातं. ते बघत भडंग खायला काय मजा येते राव.

पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाईल) मात्र पेजडीफ्रॅगलाही ऐकेना, कारण परत तेच, सलग जागा नाही. मग जुनाच उपाय, व्हर्च्युअल मेमरी 'नो पेजिंग फाईल', रिस्टार्ट, जेकेडीफ्रॅगनं सगळं पुढं सरकवलं (फुकटात यापेक्षा सरस टूल मी बघितलं नाही, दिसायला दरिद्री आहे पण काम नाद खुळा), आणि मग इनिशियल आणि मॅक्सिमम दोन्ही १५३६ टाकून परत चालू. दोन्ही आकडे सारखे ठेवले की ती वाढत नाही आणि वाढत नाही म्हणून फुटत नाही. एका तुकड्यात आली! त्या रात्री झोप चांगली लागली.

आणि मग राहिली ती एमएफटी, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या फाईल-व्यवस्थेतली सगळ्या फाईलींची यादी. रिपोर्टमध्ये एमएफटी फ्रॅगमेंट्सचा आकडा तीन अंकी. एवढी कशी फुटेल? एनटीएफएस तर एमएफटीसाठी व्हॉल्यूमचा साडेबारा टक्के झोन राखून ठेवतो, डिस्क गच्च भरल्याशिवाय तिथं कुणाला बसवत नाही. डोकं खाजवत बसलो होतो, शेवटी एफएसयूटिल एफएसइन्फो एनटीएफएसइन्फो ही कमांड मारली आणि समोर आलं, बाइट्स पर क्लस्टर (डिस्कवर जागा वाटायचं सगळ्यात लहान माप) नेहमीच्या ४ केबीऐवजी ५१२.

५१२! म्हणजे ही डिस्क एनटीएफएस म्हणून जन्मलेलीच नाही. मामांना फोन केला तर म्हणाले, "आधी नाइंटीएट होतं त्यात, मग एकानं एक्सपी टाकून दिलं." झालं, म्हणजे त्या एकानं एफएटी३२ (नाइंटीएटची जुनी फाईल-व्यवस्था) वरून थेट एनटीएफएसला कन्व्हर्ट मारलेलं. एफएटी३२ चा डेटा एरिया ४ केबीच्या मापात सुरू होत नसला की कन्व्हर्ट मुकाट्यानं ५१२ चे क्लस्टर घेतं, आणि एमएफटी भरलेल्या डिस्कवर जिथं फट सापडेल तिथं कोंबतं, एसटीत उशिरा चढलेल्या वऱ्हाडासारखी. एक्सपीच्या कन्व्हर्टला सीव्हीटीएरिया नावाचा स्विच आहे, आधी रूटमध्ये एक सलग फाईल करून ठेवायची आणि एमएफटी वगैरे सगळं तिच्या जागेवर बसवायचं, पण तो वापरलेला मी तरी कुठं पाहिला नाही.

४० जीबीला ४ केबीच्या हिशोबात एक कोटीच्या आसपास क्लस्टर होतात, ५१२ नं आठ कोटींच्या वर. म्हणून तर प्रत्येक डीफ्रॅग रात्रभर रांगत होता!

तरी अल्ट्राडीफ्रॅग लावून बघितलं. विंडोज २००० मध्ये एमएफटी हलवताच यायची नाही, एक्सपीपासून येते, फक्त तिचा पहिला तुकडा जागचा हलत नाही. पहाटे लाईट गेली आणि यूपीएसनं दोन मिनिटांत मान टाकली. माझ्या पोटात गोळा, पण चेकडिस्क एकदम स्वच्छ! फाईल हलवण्याची विंडोजची सोय अशीच बनवलीय की मध्येच वीज गेली तरी डेटा जात नाही. आकडा बराच खाली आला, खूश झालो. पण क्लस्टर ५१२ चेच, मामा दोन महिने पत्रिका सेव्ह करत बसले की परत तोच इस्कोट होणार. डीफ्रॅगरच्या हातात हे नाहीच.

म्हणून प्लॅन बदललाय. सेक्टर इमेज (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) काढून उपयोग नाही, ती ५१२ सकट परत येते. फाईल पातळीवर उचलायला पाहिजे, म्हणजे विनपीईमधून (बाहेरून बूट होणारं छोटं विंडोज) इमेजएक्स, ते सगळ्या फाईली विम नावाच्या एका फाईलीत भरतं. विमचा एक फायदा असा की पेजफाईल, हायबरफिल, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हे सगळे अडेल लोक तो आपोआप मागं सोडतो आणि परमिशन मात्र नीट आणतो. मग ४ केबीनं फॉरमॅट, विम अप्लाय, बूटसेक्टला (बूट कोड लिहिणारं टूल) एनटी५२ सांगायचं की एनटीएलडीआर (एक्सपी सुरू करणारी फाईल) जागेवर.

आधी विचार होता की हे सगळं माझ्याकडच्या १६० जीबीच्या डिस्कवर उतरवू आणि जुनी तशीच ठेवू. पण हे टाईप करता करताच लक्षात आलं, एक्सपी ड्राइव्ह लेटर डिस्क सिग्नेचर (डिस्कचा ओळख-क्रमांक) आणि पार्टिशनच्या ऑफसेटवरून (ते डिस्कवर कुठून सुरू होतं) लक्षात ठेवतं. नवी डिस्क दिसली की सी ला भलतंच अक्षर देऊन लॉगिनलाच अडकून बसणार, शिवाय या बोर्डाचा बायोस १३७ जीबीच्या पुढं बघतो का हा वेगळा घोळ. त्यापेक्षा उलटं करतो, १६० वर लिनक्समधून डीडी या नक्कल काढणाऱ्या कमांडनं जुन्या डिस्कची अख्खी इमेज सुरक्षित ठेवायची, आणि त्याच ८० च्या त्याच पार्टिशनवर, पार्टिशन न पुसता, नुसतं फॉरमॅट करून विम उतरवायचा. सिग्नेचर तीच, ऑफसेट तोच, सी तो सीच.

हां, फॉरमॅटनं व्हॉल्यूम सीरियल बदलतो, आणि त्या काळचं एखादं सॉफ्टवेअर लायसन्स त्यावर बांधलेलं असू शकतं. सीरियल आत्ताच कागदावर लिहून घेतला, लागलाच तर सिसइंटर्नल्सच्या व्हॉल्यूमआयडीनं जुना परत घालेन. डोंगलला या सगळ्याशी देणंघेणं नाही. डीडी आज रात्री लावतोय, यूपीएसची बॅटरी नवी आल्यावरच फॉरमॅटला हात घालणार. कुणी बूटसेक्ट एनटी५२ विनपीई ३ मधून एक्सपीवर चालवलं असेल तर त्याआधी सांगा राव.